उष्ट्या पानांची टोपली

“म्हणजे माझ्या हातून काय चुकले, ते आपण सांगणारच नाही?”

सोमगिरीने हा प्रश्न त्या दुपारी तिसऱ्यांदा विचारला.

भवानगिरी महाराज ओसरीवरच्या बाजेवर भिंतीला टेकून बसले होते. त्यांचे पाय सुजलेले होते आणि ते त्यांनी गार पाण्याच्या घंगाळात सोडले होते. चैत्राचे ऊन अंगण ओलांडून ओसरीच्या पायरीशी आले होते. शिष्य त्या पायरीखाली उभा होता.

महाराजांनी डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिले, आणि पुन्हा मिटले.

“उन्हात उभा आहेस,” ते म्हणाले. “वर ये.”

“मी उत्तरासाठी उभा आहे, बाबा.”

“उत्तर सावलीतही मिळतं.”

सोमगिरी वर आला नाही.

बालाघाटच्या डोंगरात खडकजांब नावाच्या खेड्याबाहेर गोसाव्यांचा हा लहानसा मठ होता. तेथे रोज दुपारी येईल त्याला जेवण मिळे. कोण, कोठला, कशासाठी आला, हे कोणी विचारीत नसे. मठाच्या मूळपुरुषाने पंगतीचा एक नियम घालून दिला होता. जेवणाऱ्याने आपले उष्टे पान आपण उचलायचे नाही. नोकराकडूनही ते उचलवायचे नाही. मठात दीक्षा घेतलेल्या माणसानेच ते उचलायचे. आणि उचलताना मान वर करायची नाही. कोणी किती खाल्ले, कोण किती भुकेला होता, याची दखल कोणाच्या डोळ्यांनी घेऊ नये, एवढाच त्या नियमाचा अर्थ.

सोमगिरी अठरा वर्षे ती उष्टी पाने उचलीत होता. दीक्षेपूर्वी तो कालव्याच्या कामावर मोजणीदार होता. पत्नी गेली, मूलबाळ नव्हते. साखळी आणि खुंट्या दुसऱ्याच्या हाती देऊन तो मठात आला. महाराजांनी त्याला मंत्र दिला आणि बांबूची टोपली दिली. मंत्र तो कधी कधी विसरला असेल. टोपली एक दिवसही विसरला नाही.

नऊ दिवसांपूर्वी महाराजांनी त्याला बोलावले आणि एवढेच सांगितले : “उद्यापासून टोपलीला हात लावू नकोस.”

कारण सांगितले नाही.

आठ दिवस सोमगिरीने वाट पाहिली. नवव्या दिवशी, मूळपुरुषाच्या पुण्यतिथीला अवघा एक दिवस उरला असताना, तो पायरीशी येऊन उभा राहिला. त्याच्या पायाशी एक गाठोडे होते.

“मी अठरा वर्षांत एकदाही आजारी पडलो नाही, बाबा,” तो म्हणाला. “ताप असे, तरी पडलो नाही. पाठीचा मणका सरकला, तेव्हा गुडघ्यांवर रांगत पाने उचलली. आपण पाहिले आहे.”

“पाहिलं आहे.”

“पूर्वी चार पंगती उठायला उन्हे कलत. लोक बाहेर लिंबाखाली ताटकळत बसत, लेकरे रडत. मी हात घातल्यावर चार पंगती दोन तासांत उठू लागल्या. हे खोटे आहे का?”

“खरं आहे.”

“एक पंगत पूर्ण उठेपर्यंत थांबणे मी बंद केले. ज्याचे झाले, त्याचे पान उचलायचे. मागे राहिलेल्याला आपोआप कळते, की आटपले पाहिजे. आपण त्याला कधी हरकत घेतली नाहीत.”

“नाही घेतली.”

महाराजांनी पाण्यात पायाचा अंगठा हलवला. पाणी जरासे हिंदकळले.

“त्या वेळीच बोलायला हवं होतं,” ते म्हणाले. “कंटाळा केला मी. माणूस थकला की पुष्कळ गोष्टींना बरं म्हणतो.”

सोमगिरीला हे बोलणे कळले नाही. आपल्याला जे म्हणायचे होते, त्याच्या आड ते आले, एवढेच त्याला कळले.

“लोकांना शिस्त नव्हती. अन्न टाकीत. मी दोन शब्द बोलू लागलो. गोडच बोलतो. आता पानात शीतही उरत नाही. परगावाहून माणसे येतात, ती गादीला नमस्कार करतात आणि नंतर माझ्या पाया पडतात. मी नको म्हणतो, तरी पडतात. म्हणतात, एवढा वडीलधारा माणूस आणि कसा खाली मान घालून उष्टी काढतो!”

“खाली मान घालून?”

“हो.”

“मग ते पाया पडतात, हे तुला दिसतं कसं?”

सोमगिरीने आपल्या पायांकडे पाहिले.

“पायांना हात लागतात, बाबा.”

“हां…” महाराज म्हणाले. “पाय थांबत असतील मग थोडे.”

स्वयंपाकघराच्या दारात काशाबाई उभी होती. गेली तीस वर्षे मठाची चूल तिच्याकडे होती, आणि चुलीबरोबर बोलण्याचा परवानाही. हातातले उलथने तिने पायरीकडे रोखले.

“सोमगिरबुवा, गाठोडं कुणाचं? धुवायला टाकायचं का?”

“माझे आहे. मी चाललो आहे.”

“कुठं?”

“भावाकडे.”

“अगं बाई! त्या भावाला ठावं हाय का?”

महाराजांच्या ओठांची कड हलली. सोमगिरीचा चेहरा मात्र आणखी ताठ झाला. भावाला ठाऊक नव्हते. भावाने गेल्या अकरा वर्षांत एकदाही निरोप पाठवला नव्हता. आणि सत्तावन्नाव्या वर्षी त्याच्या दारात उभे राहणे कसे असेल, हे सोमगिरी आठ दिवस मनात मोजीत होता.

“काशाबाई,” महाराज म्हणाले, “भाकरी करपतेय.”

“न्हाई करपत. पर जाते मी.”

ती आत गेली. मात्र दार तिने पुरते लोटले नाही.

“बाबा,” सोमगिरी खालच्या आवाजात म्हणाला, “मी गादी मागत नाही. गादीवर माझ्यामागे आलेला कोणीही बसवा. प्रवचन मला येत नाही. मला फक्त माझी टोपली परत द्या. सगळ्यांत खालचे काम मी मागतो आहे. तेही आपण देणार नसाल, तर मी या मठात कशासाठी राहायचे?”

“खालचं काम…” महाराज पुटपुटले. “तू इतक्या उंचावरून मागतो आहेस, सोमगिरी. माझी मान दुखायला लागली.”

“उद्या पुण्यतिथी आहे. दहा गावे जेवायला येतील. दोन हजार पाने होतील, अडीच हजारही होतील. आपण ती टोपली कोणाच्या हाती दिली आहे, हे पाहिले आहे का?”

“पाहिलं आहे.”

“ती बाई एका पंगतीला पाऊण तास घेते! मी सभामंडपाच्या मागे बसून ऐकत असतो. भांड्यांच्या आवाजावरून मला कळते. एकेका पानापाशी बसून राहते. तिने दीक्षा घेतलेली नाही. मूळपुरुषाच्या नियमात हे बसत नाही.”

“मूळपुरुषाला मी विचारीन. भेटायचे दिवस जवळच आले आहेत.”

“बाबा, थट्टा करू नका.”

“थट्टा करायला श्वास पुरत नाही रे आता.”

आणि खरोखरच ते थोडा वेळ नुसते श्वास घेत बसले. ओसरीच्या आढ्याशी एक चिमणी गवताची काडी घेऊन आली, जागा न सापडल्याने परत गेली.

“कोठून आणलीत आपण तिला?”

“आणली नाही. आली होती.”

“कशासाठी?”

“जेवायला.”

“आणि आपण तिच्या हाती टोपली दिलीत?”

“दिली.”

“का?”

महाराजांनी घंगाळातून एक पाय बाहेर काढण्याचा प्रयत्न केला. तो जड होता. सोमगिरी नकळत पायरी चढून वर आला, खाली बसला, आणि दोन्ही हातांनी गुरूचा पाय उचलून त्याने आपल्या मांडीवरच्या उपरण्यावर ठेवला. मग दुसरा. त्याने ते पुसले. बोटांच्या बेचक्यांतही पुसले. त्याचे हात या कामात सराईत होते आणि चेहरा अजूनही रागावलेला होता.

“चांगलं पुसतोस,” महाराज म्हणाले.

सोमगिरी पुसतच राहिला.

“पण तू पुसत असताना मला नेहमी वाटतं, की आपण लवकर कोरडं व्हावं.”

सोमगिरीचे हात थांबले.

“हे आपण मला आधी का नाही सांगितले?”

“सांगण्यासारखं नव्हतं. तू मन लावून करतोस. मन लावून करणाऱ्याला काय सांगायचं? …मीही थकलेला, तूही थकलेला. दोघांनी एकमेकांचा थकवा पाहत अठरा वर्षं काढली.”

सोमगिरीने उपरणे झटकले आणि घडी करून खांद्यावर टाकले. त्याला अश्रू आले असते, पण अश्रू येणे त्याला आवडत नसे.

“मग मी जातो, बाबा. आशीर्वाद द्या.”

“जा.”

एवढ्या सहज परवानगी मिळेल, असे त्याला वाटले नव्हते. त्याने वाकून नमस्कार केला. महाराजांचा हात त्याच्या डोक्यावर आला आणि तेथेच राहिला. त्या हाताला फारसे वजन उरले नव्हते.

“मात्र जेवून जा.”

“मला भूक नाही.”

“या मठातून उपाशी कोणी गेलेलं नाही. निदान आपल्या दोघांना तरी तसं वाटत आलंय. पंगत बसतेच आहे. बस.”

“मी आत, चुलीपाशी दोन घास खाईन. रोज तसेच जेवतो.”

“अठरा वर्षांत पंगतीत किती वेळा बसलास?”

सोमगिरीने आठवून पाहिले.

“दीक्षेच्या दिवशी,” तो म्हणाला. “त्यानंतर नाही. सगळे जेवल्यावर जे उरेल ते उभ्याने खायचे, हा मी माझ्यापुरता नियम केला होता.”

“हो. काशाबाई सांगते. भाकरीचा सगळ्यांत करपलेला भाग शोधून घेतोस म्हणे.”

“त्यात काय चुकले?”

“काही नाही. आज पंगतीत बस. आणि मलाही ने. कितीतरी दिवस झाले, पंगतीत बसलो नाही मी.”

सोमगिरीने एका बाजूने आणि हाक मारताच बाहेर आलेल्या काशाबाईने दुसऱ्या बाजूने धरले. महाराज उभे राहिले. ओसरीपासून सभामंडपापर्यंतची तीस पावले त्यांना फार लांब होती. दोन ठिकाणी ते थांबले. थांबले की म्हणत, “हं… चला.”

“बाबा, कशाला हा खटाटोप?” काशाबाई म्हणाली. “ताट आणून दिलं असतं की मी बाजेवर.”

“मला सोबत हवी आहे जेवताना.”

“सोबत का? ह्यांची?” तिने सोमगिरीकडे पाहिले. “ह्यांच्यापरीस आमचं मांजर बरं. निदान ते माणसाच्या तोंडाकडं तरी बघतं.”

सभामंडपात चाळीसेक माणसे समोरासमोर दोन ओळींत बसली होती. डोंगरापलीकडचे मेंढपाळ, बाजाराहून परतणाऱ्या दोघी बांगडीवाल्या, एका लग्नाचे वऱ्हाडी, काही गावचीच म्हातारी माणसे. महाराजांना पाहताच सगळे उठू लागले. त्यांनी हाताने खाली बसवले. ओळीच्या टोकाला दोघांसाठी जागा झाली. पळसाच्या पत्रावळी पडल्या. भाकरी आली, आमटी आली, वांग्याची भाजी आली, ठेचा आला, आणि लग्नाचे वऱ्हाड असल्यामुळे त्या दिवशी लापशीही आली. ‘हर हर महादेव’ झाले.

माणसे जेवू लागली.

सोमगिरीने एक घास घेतला. मग तो थांबला. जमिनीवर बसून समोरचे पान पाहणे त्याला अवघड वाटत होते. पान त्याने नेहमी वरून पाहिले होते, आणि जेवण झाल्यावर पाहिले होते.

एकेक जण जेवून होऊ लागला. त्यांची पाने कोणी उचलीत नव्हते. झालेली माणसे हात तसाच ठेवून शेजाऱ्याशी बोलत बसली होती. बांगडीवाल्यांपैकी एक वऱ्हाडातल्या म्हाताऱ्याला विचारीत होती, की नवरी कोणत्या गावची. म्हातारा म्हणाला, “नवरी आमच्याच गावची. आता त्रास नवऱ्याच्या गावाला.” आसपासची पाच-सहा माणसे हसली. सोमगिरीला आश्चर्य वाटले. आपल्या पंगतीत लोक बोलत असत, असे त्याला आठवेना.

महाराजांनी चार घास घेतले. पाचवा आमटीत बुडवून बराच वेळ चावला आणि मग त्यांचे झाले.

“जेव,” ते म्हणाले.

“जेवतो आहे.”

तो जेवत नव्हता. तो हिशेबाने पाहत होता : एवढ्या वेळात दुसरी पंगत बसली असती. बाहेर लिंबाखाली माणसे वाढली होती.

मग ओळीच्या दुसऱ्या टोकाने ती बाई आली. वाकलेली, सत्तरीपुढची, अंगावर विटके लुगडे. कमरेवर टोपली. सगळ्यांचे झाले आहे का, हे पाहत ती ओळीतून चालत आली. प्रत्येक पानापाशी थोडी थांबली, पण उचलले एकही नाही. सर्वांचे झाल्यावाचून पहिले पान उचलायचे नाही, ही जुनी रीत. अठरा वर्षांपूर्वीची.

ती सोमगिरीच्या पानापाशी आली. पान भरलेले होते.

ती समोर उकिडवी बसली. टोपली बाजूला ठेवली. मान खाली घातली.

“होऊ द्या सावकाश,” ती म्हणाली.

सोमगिरीने तिच्याकडे पाहिले. त्याला तो चेहरा अनोळखी होता. मान खाली घालून अठरा वर्षे काढलेल्या माणसाला चेहरे ठाऊक नसतात. मग सवयीने त्याची नजर खाली गेली आणि तिच्या गुडघ्यावर ठेवलेल्या हातावर थांबली.

हात त्याला ठाऊक होता.

करंगळी आत वळलेली. मनगटावर गोंदलेली तुळस, हिरवट, वयाने पसरलेली. हा हात त्याने नऊ दिवसांपूर्वी, सोमवारी, तिसऱ्या पंगतीत पाहिला होता. पानात आमटीत कुस्करलेली भाकरी होती, निम्मीही संपलेली नव्हती. दात नसलेले माणूस भाकरी अशी भिजवते आणि वाट पाहते. सोमगिरी ओळीतून झपाझप येत होता. हात पानावरून निघाला की जेवण झाले, ही त्याची खूण होती. चेहऱ्याकडे पाहायचे नाही म्हटल्यावर दुसरी खूण असणार कोणती? तो हात पानावरून निघाला. पाण्याच्या लोट्याकडे गेला.

सोमगिरीने पान उचलले होते.

आणि तो बोलला होता. गोडच बोलला होता. “खाववत नव्हते, तर वाढून कशाला घेतले, मावशी? अन्न आहे हे.”

तो हात लोट्यासकट क्षणभर हवेत थांबला होता. मग लोटा खाली ठेवून तो दुसऱ्या हाताला जोडला गेला होता. “चुकलं, बाबा,” असे कोणीतरी म्हटले होते. सोमगिरी पुढच्या पानाकडे गेला होता. आपण रागावलो नाही, याचे त्याला त्या वेळी थोडे समाधानही वाटले होते.

ओसरीवरच्या बाजेवरून सभामंडप सरळ दिसत असे.

सोमगिरीच्या हातातला घास पानात पडला.

“मावशी,” तो म्हणाला. “तुम्ही मागच्या आठवड्यात, सोमवारी आला होतात…”

“व्हय.”

“तिसऱ्या पंगतीला.”

“तिसरीच असंल. मला काय मोजता येत न्हाई.”

“तुमचे पान…”

ती गडबडली. इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणीत म्हणाली, “आवो, ऱ्हाऊ द्या की ते. माझंच चुकलं. मधीच पाणी प्यायाचं न्हवतं मी. तुमी कामाच्या घाईत, आन् मी आपली ढोसतेय पाणी.”

“मग तुम्ही उपाशी…”

“उपाशी कुठलं? निम्मं झालतं की. येवढं काय त्याचं?”

“मला सांगायचे होतेत ना, की झाले नाही म्हणून.”

“कसं सांगावं?” ती म्हणाली. “तुमी मान खाली घातलेली. माझ्यासारखीचं उष्टं काढायला वाकलेलं साधू माणूस. त्याला आनिक कसं बोलावं? पाप लागंल.”

सोमगिरीने डोळे मिटले.

त्याने आपल्या अठरा वर्षांतली पाने आठवण्याचा प्रयत्न केला. आठवेनात. टोपलीत गेलेले पान माणूस आठवीत नाही. त्यांत किती निम्मी होती, किती जण पाणी पिण्यासाठी हात काढून बसले होते, किती जणांनी हात जोडले होते… त्याला फक्त वेळ आठवत होता. चार पंगती, दोन तास.

“तुम्हाला राग आला नाही?”

“राग?” तिला प्रश्न समजला नाही. “मी घरला निघालते. बाबांनी हाक मारली. म्हणाले, बाई, टोपली धरतीस का थोडे दिवस? मी म्हणलं, मला काय येतंय? ते म्हणाले, तुला वाट बघता येती. आता वाट बघायला काय लागतंय? धरली.”

ओळीतली चाळीस माणसे थांबली होती. कोणी उठत नव्हते. बोलणी हळूहळू संपली आणि सगळे सोमगिरीच्या पानाकडे पाहू लागले.

“बुवा,” समोरच्या ओळीतला एक मेंढपाळ म्हणाला, “लापशीत मीठ पडलंय व्हय?”

कोणी हसले. बाहेर लिंबाखालून हाक आली, “आटपा की हो आतल्यांनी!” काशाबाई सभामंडपाच्या दारात येऊन उभी राहिली. “दुसरी पंगत आज दिवेलागणीला बसवायची का उद्याच्याला?” असे तिने विचारले. मग सोमगिरीचा चेहरा पाहून ती बाहेर गेली, आणि हाका मारणाऱ्यांवर ओरडली.

सोमगिरीने घास घेण्याचा प्रयत्न केला. भाकरी तोंडातच फिरत राहिली. आजवर कोणाच्या पानापाशी तो थांबला नव्हता; आता चाळीस जेवलेली आणि शंभर उपाशी माणसे त्याच्या एकट्याच्या पानापाशी थांबली होती.

“मावशी, उचला हे,” तो म्हणाला. “माझे झाले.”

तिने पानाकडे पाहिले. मान हलवली.

“न्हाई झालेलं.”

“मी सांगतो ना, झाले!”

“तोंडानं झालं म्हणतं माणूस,” ती शांतपणे म्हणाली. “मी बी म्हणलेते.”

आणि ती बसून राहिली. तिच्या बसण्यात हट्ट नव्हता, तक्रार नव्हती. शेतात दुपारच्या सावलीला बसावे, तशी ती बसली होती.

सोमगिरी शेजारी वळला. महाराज भिंतीला टेकले होते. त्यांचा श्वास घरघरत होता. एवढ्या बसण्यानेही ते फार थकलेले दिसत होते. उष्टा हात त्यांनी पानावर तसाच ठेवला होता.

“बाबा,” सोमगिरी म्हणाला, “मला टोपली नको. कधीच नको. मला तोंड दाखवायला जागा नाही. सगळे थांबले आहेत. मला उठू द्या… मी मागच्या दाराने जाईन. उद्या कोणी विचारले, तर काहीही सांगा.”

महाराजांचे डोळे मिटलेले होते.

“मी काय करू, बाबा?”

महाराजांनी डोळे उघडले. शिष्याच्या भरल्या पानाकडे पाहिले. मग टोपलीशेजारी मान खाली घालून बसलेल्या म्हातारीकडे पाहिले. आपल्या पानातली उरलेली भाकरी त्यांनी डाव्या हाताने सरकवली, उजव्या हाताने आमटीत कुस्करली, आणि खाण्यासाठी नव्हे, तर सोबतीसाठी म्हणून एक लहानसा घास पुन्हा तोंडात घातला. तो चावायला त्यांना वेळ लागला.

“जेव, सोमगिरी,” ते म्हणाले. “तिला घाई नाही.”